बाईसाहेबांचं रक्त

६ नोव्हेंबर

वहिनी,

माझं सगळं बदललं ते गेल्या गुरुवारी, एका नळीकडे बघताना. हसू नकोस. लोकांची आयुष्यं प्रेमात बदलतात म्हणे. प्रेमात माझं नुसतं वाटोळं झालं, बदललो तो या नळीपायी.

एका जाड्या कुत्र्याचं रक्त मी पहिल्यांदा एकट्यानं काढलं. शीर सापडली, सुई गेली, कुत्रा हललासुद्धा नाही. मनातल्या मनात मी स्वतःची मिरवणूक काढली. रक्त नळीत सोडलं, गोठू दिलं, नळी यंत्रात गरगर फिरवली. आता वरच्या बाजूला स्वच्छ पाण्यासारखं सीरम यायला हवं. आलं ते सरबतासारखं गुलाबी. मॅडमनी नळी खिडकीच्या उजेडात धरली. मॅडम म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. जनावरांच्याच डॉक्टर, पण जनावराचं तोंड न बघता नुसत्या रक्तावरून त्याची कुंडली मांडतात. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कुणावर रागावला होतास?"

"कुणावर नाही."

"मग सुईतूनच एवढ्या जोरात का ढकललंस? पेशी फुटल्या सगळ्या. कुत्रा ठणठणीत आहे. हे तुझ्या अंगठ्यानं केलंय."

खरं सांगू? ढकलताना मी तिचाच विचार करत होतो. सगळ्या वर्गासमोर ती म्हणाली होती ना, "आधी एक तरी गोष्ट शेवटपर्यंत करून दाखव, मग माझ्यावर प्रेम कर." त्यावर मी एप्रन टेबलावर फेकला आणि कॉलेजच सोडलं. तोंडावर मारायला दुसरं काही हाताशी नव्हतं. तो राग अजून अंगठ्यात बसलाय, हे एका कुत्र्याच्या सीरमनं मला सांगितलं.

तेव्हापासून मी सुई आधी काढून ठेवतो. नळीच्या काठावरून रक्त हळू उतरू देतो. नळी हलवायची नाही, झोपलेल्या पोराला कुशीवर वळवावं तशी वळवायची. काचपट्टीवर थेंब ठेवून दुसऱ्या पट्टीनं एका दमात पसरवायचा. शेवटाला तो पाखराच्या पिसासारखा विरळ झाला पाहिजे. माझी पिसं अजून कोंबडीनं झटापट केल्यासारखी येतात.

मॅडम नळी उजेडात धरतात तेव्हा मला बाबा दिसतात. पहाटे ते दुधाचा पेला असाच धरायचे, काचेवरून दूध कसं ओघळतं ते बघायचे, आणि म्हणायचे, "कालची वैरण ओली होती." त्यांच्या दुधाच्या घोडागाडीत मी कॅनांच्या मधे पोत्यावर बसलेला. बाईसाहेबांच्या टापा, गाडीच्या चाकाचं कुरकुरणं. बाबांचा डोळा लागला तरी घोडी बरोबर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दारात थांबायची. पुढे बाटल्यांची मोटार आली, गाडी बंद झाली, बाईसाहेब सेवानिवृत्त झाल्या. जगात ऐटीत पेन्शन खाणारी तेवढी एकच घोडी असेल. माझ्या मनगटावर कान घासायची, तशी घासते का गं अजून कुणाच्या?

बाबा माझं नाव काढतात का, ते विचारत नाही. तिच्याकडून घरच्या पत्त्यावर काही आलं का, तेही विचारत नाही. पण आलं असलं तर कळव.

तुझा,
तोफखाना

* * *

१८ नोव्हेंबर

तोफखानेसाहेब,

भरपूर आशीर्वाद आणि त्याहून भरपूर शिव्या. इतक्या लांबलचक पत्रात जेवतोस कुठे, झोपतोस कुठे, यातलं एक अक्षर नाही. कुत्र्याच्या पेशी फुटल्या ते मात्र सविस्तर. तुझ्या दादांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "चला, त्याच्या डोक्याचं निदान करणारं कुणीतरी भेटलं."

तिच्याकडून काही आलेलं नाही. आलं असतं तर मी ते आधी उघडून वाचलं असतं आणि मगच तुला पाठवलं असतं, हे तुला ठाऊक आहे.

आता कामाचं. बाईसाहेब खात नाहीत. अगदीच नाही असं नाही. तोंड घालतात, चावत बसतात आणि अर्धं खाली टाकतात. बरगड्या मोजता येतील अशा झाल्यात. डॉक्टर येऊन गेले. पोट तपासलं, ताप पाहिला, जबडा उघडायला गेले तर तिनं त्यांना भिंतीशी नेऊन उभं केलं. म्हणाले, वय झालंय, पण रक्त तपासून बघू. इथे तशी सोय नाही.

तर काल संध्याकाळी बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. तू गेल्यापासून या माणसानं तुझं नाव घेतलेलं नाही. त्या दिवशी तुम्हा दोघांचे आवाज कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत ऐकू गेले होते, त्यानंतर एकदाही नाही. आणि काल मला म्हणतात, "तो तिकडे रक्तच बघतो ना?"

मी म्हटलं, "हो."

"जनावरांचंच ना?"

"नाहीतर काय, माणसांचं पितो?"

हसले नाहीत. पण आज डॉक्टरांना बोलावून घेतलं. त्यांनी रक्त काढलं, गोठू देऊन वरचं सीरम वेगळं केलं, आणि नळी बर्फाच्या थर्मासमध्ये घालून बसच्या ड्रायव्हरमामांच्या हवाली केली. थर्मास बाबांचा आहे, त्यांच्या चहाचा. धुऊन परत पाठव. यापुढे पत्रंही मामांबरोबरच पाठवू, टपालवाले रमतगमत येतात.

मी त्यांना विचारलं, "चिठ्ठी लिहिता का त्याला?" म्हणाले, "नळी दिलीय ना." त्यांच्याकडून हीच चिठ्ठी समज.

नीट बघ रे बाळा. अंगठा सांभाळून.

तुझी,
वहिनी

* * *

२१ नोव्हेंबर

वहिनी,

बातमी वाईट आहे. कशी लिहू कळत नाही, म्हणून सरळ लिहितो.

मॅडम आठवडाभर सुट्टीवर गेल्यात. शनिवारी परत येतील. मी थांबलो नाही. बाबांनी नळी मला पाठवली होती, मॅडमना नाही. थर्मास उघडला, नळी खिडकीकडे धरली. सीरम पिवळं. थोडंथोडकं नाही, पिकलेल्या लिंबासारखं. इतक्या महिन्यांत इतकं पिवळं एकदाच पाहिलं होतं, एका कुत्र्याचं. तो आठवड्यात गेला.

तरी यंत्रात घालून पाहिलं. बिलिरुबिन, म्हणजे कावीळ झाली की वाढतं ते, तक्त्यात लिहिलंय त्याच्या कितीतरी पट. यंत्रानं त्या आकड्यापुढे लाल खूण केली. बाकीचे आकडे चाळले, पण खरं सांगतो, त्या पिवळ्यानंतर डोळ्यांना दुसरं काही दिसेना.

यकृत गेलंय, वहिनी. या वयात ते परत येत नाही. बाबांना सांग, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तिचे हाल होऊ देऊ नका. डॉक्टरांकडे इंजेक्शन असतं, तिला कळणारही नाही.

हे लिहिताना एक लाज वाटण्यासारखी गोष्ट मनात येतेय, ती तुझ्यापाशीच बोलू शकतो. रडू येतंय आणि छातीही फुगलीय. आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी मला काही विचारलं आणि मला त्याचं उत्तर माहीत होतं.

नांगरलेल्या शेतापलीकडच्या चढावर आम्ही सगळे गाडीतून उतरायचो, तिला ओझं नको म्हणून. बाबा तिच्या कानाशी बोलत चालायचे. काय बोलायचे ते आम्हा दोघा भावांना कधी कळलं नाही. आम्ही मागून गाडी ढकलायचो आणि वर पोचलं की ती वळून आमच्याकडे अशी बघायची, जणू सगळं आम्हीच ओढून आणलं.

थर्मास धुतलाय. सोबत पाठवतोय.

तुझा

* * *

२३ नोव्हेंबर

बाळा,

तुझं पत्र बाबांनी माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः वाचलं. चष्मा लावून, खिडकीशी उभं राहून. मग घडी घालून खिशात ठेवलं. थोड्या वेळानं पुन्हा काढून वाचलं. मला वाटलं आता काही बोलतील. नुसते म्हणाले, "पोरगं शिकलं."

डॉक्टर आले होते. त्यांचं म्हणणं, घाई नको, दुसरीकडे एकदा दाखवू. बाबांनी त्यांना बोलूच दिलं नाही. "माझ्या मुलानं पाहिलंय. यंत्रावर पाहिलंय." डॉक्टर बिचारे बॅग उचलून गेले. रविवार सकाळ ठरलीय, दहा वाजता. दादांना रविवारीही कामावर जावं लागणार आहे. बाबा म्हणाले, "बरंच झालं, गर्दी नको."

मी शनिवारी मुलांना घेऊन माहेरी जाते. धाकटीला हे बघायला लावायचं नाही, आणि खरं तर मलाच बघवणार नाही. या घरात आले त्या दिवशी बाईसाहेबांनी माझ्या हातातली पिशवी ओढून आतला पाव खाल्ला होता. सासूबाई असत्या तर ओरडल्या असत्या. बाबा म्हणाले, "तिनं तुला घरात घेतलं, आता आम्ही कोण बोलणार." त्यानंतर मला या घरात परकं कधी वाटलं नाही.

बाबा रोज तिचा जुना सरंजाम काढून बसतात. लगाम, पट्टे, घुंगरांची माळ. तेल लावतात, पुसतात, पुन्हा लावतात. कुणाला घालायचंय ते? मी विचारत नाही. दादा विचारायला गेले तर त्यांच्याही हातात फडकं दिलं.

आणखी एक. लिहू की नको असं दोन दिवस चाललंय. ती बाजारात भेटली. तुझं नाव मी काढलं नव्हतं, तिनंच काढलं. "टिकला का तिथे?" म्हणाली. मी म्हटलं, "अजून तरी." यावर ती काय म्हणाली ते सांगणार नाही, कारण ती काहीच म्हणाली नाही, पण भाजीवाला बोलावत होता तरी बराच वेळ तिथेच उभी राहिली. यावरून मनोरे बांधत बसू नकोस.

रविवारी यायचं की नाही ते तुझं तू ठरव. बोलावणं कुणी पाठवणार नाही, तुला माहीत आहे.

वहिनी

* * *

२७ नोव्हेंबर, रविवार
तुझ्या स्वयंपाकघरातून

वहिनी,

माहेराहून परत आलीस की हे पत्र साखरेच्या डब्याखाली सापडेल. घाबरू नकोस, आधी हे वाच: बाईसाहेब जिवंत आहेत. भिजवलेला कोंडा खाल्लाय त्यांनी. पातेलं तुझं वापरलंय, त्याबद्दल नंतर बोल.

आता पहिल्यापासून.

काल सकाळी मॅडम आल्या. फ्रिज उघडला, उरलेल्या सीरमची नळी उचलली आणि विचारलं, "हे कुणाचं?" मी म्हटलं, "आमच्या घोडीचं. कावीळ. यकृत..." त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही.

"घोडीचं आहे ना? मग पिवळंच असणार."

वहिनी, घोड्याचं सीरम निरोगी असतानाही पिवळंच असतं. कुत्र्यामांजरांसारखं पाण्याच्या रंगाचं नसतं. आमच्याकडे दिवसभर कुत्री आणि मांजरं, घोडं वर्षात एखादं. मी कधी पाहिलंच नव्हतं. मॅडमनी यंत्राचा पडदा दाखवला. नमुना घालण्याआधी कुठलं जनावर ते निवडावं लागतं. त्या दिवशी सकाळी एका कुत्र्याचा नमुना घातला होता, यंत्र तिथेच राहिलं होतं. मी आपल्या बाईसाहेबांना कुत्र्याच्या तक्त्यात तोलत बसलो होतो.

तरी मी भांडलो. तुला माझा स्वभाव माहीत आहे. म्हटलं, "पण घोड्याच्या हिशेबानंही जास्तच येतंय." त्या म्हणाल्या, "येणारच. घोडं उपाशी राहिलं की बिलिरुबिन वाढतं, यकृताला काही झालेलं नसलं तरी. यकृताचे बाकीचे आकडे बघ." बघितले. सगळे जागच्या जागी होते. त्या दिवशीही होते. माझ्या नाकासमोर होते.

"पिवळी का झाली, हा प्रश्नच नाही," त्या म्हणाल्या. "खात का नाही ते शोधा. मागच्या दाढा पाहिल्या का कुणी?"

आणि मी फोनकडे धावलो. कारण रविवार मला माहीत होता, मॅडमना नव्हता.

घरचा फोन वाजत राहिला. तू माहेरी, दादा कामावर, बाबा तबेल्यात. बाबांना पत्र लिहायला घेतलं. तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. पहिलं पत्र याच अक्षरात होतं ना! "मी पाहिलंय" असं ज्यात ठासून लिहिलं होतं, त्याच अक्षरात "मी चुकलो" लिहून ड्रायव्हरमामांच्या हाती पाठवायचं? बाबांनी ते वाचलं असतं आणि म्हटलं असतं, पोराला तिच्याशिवाय करमत नाही, म्हणून आता काहीतरी शोधून काढतोय. तोंडासमोर उभं राहूनच सांगायला हवं होतं. आणि त्या तोंडासमोर मी मे महिन्यापासून उभा राहिलो नव्हतो.

तोवर कालची शेवटची बस गेली होती, रात्री घरची लाइनच लागेना, म्हणून आज पहिल्या बसनं निघालो. वाटेत टायर बसला. मामांना मी काय काय बोललो ते त्यांनाच विचार, माफीही मागितलीय. चढापासून पळत आलो. फाटकातून दिसलं ते असं: डॉक्टरांची बॅग उघडी, बाईसाहेबांच्या अंगावर तो पूर्ण सरंजाम, घुंगरांची माळसुद्धा, आणि बाबा तिच्या कानाशी बोलताहेत.

मी ओरडलो, "थांबा!"

बाबांनी वळून पाहिलं. 'आलास', 'बस', असलं काही नाही. म्हणाले, "उशीर केलास."

"बाबा, मी चुकलोय. कावीळ नाही. घोड्याचं सीरम असंच असतं. मी कुत्र्याच्या तक्त्यात बघितलं."

डॉक्टरांनी सिरिंज खाली ठेवली. बाबांनी खिशातून माझं पत्र काढलं. घड्या पडून पडून कापडासारखं मऊ झालं होतं ते. माझ्यासमोर धरलं.

"इथे लिहिलंयस, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं."

"पाहिलं. चुकीचं पाहिलं."

"आणि आता बरोबर बघतोयस? खात्री आहे?"

मे महिन्यात त्यांनी हेच विचारलं होतं, कॉलेज सोडताना, आणि मी घर दणाणून सोडलं होतं, हो, हो, हो! आज म्हटलं, "नाही. खात्री नाही. तोंडात हात घालून बघावं लागेल. नसलं तिथेही काही, तर पुढे तुम्ही म्हणाल तसं."

 मग बाबांनी लगाम माझ्या हातात दिला आणि डॉक्टरांना म्हणाले, "बघा. मी धरतो हिला."

आम्ही दोघांनी मिळून धरली. डॉक्टरांनी तोंडात लोखंडी अडकण बसवली, टॉर्च घातला, हात कोपरापर्यंत आत. पहिल्यांदा चावलेल्या वैरणीचे गोळे निघाले, गालात कोंबून ठेवलेले, कुबट. मग डॉक्टर म्हणाले, "अरे देवा." शेवटच्या दाढेची कड झिजून सुरीसारखी झालेली, आणि गालाला आतून ही एवढी जखम. प्रत्येक घासाला ती पात्यावर चावत होती. डॉक्टर फार ओशाळले. बाबाच त्यांना म्हणाले, "तिनं तुम्हाला तोंड उघडू दिलं होतं कुठे." लांब दांड्याची कानस आणली, दाढ घासली. तो आवाज मला आयुष्यभर ऐकू येणार आहे. बाईसाहेबांनी एकदा माझ्या पायावर पाय ठेवला. अंगठा काळानिळा झालाय. पायाचा.

जखम भरेल. म्हातारी तर ती आहेच. हिवाळा काढेल का ते डॉक्टरही सांगत नाहीत, मीही सांगत नाही. पण आज दहा वाजता जायची होती, ती अकरा वाजता कोंडा खात होती.

ती खात असताना बाबा आणि मी भिंतीशी उकिडवे बसलो होतो, पूर्वी फेरी संपल्यावर बसायचो तसे. बाबांनी थर्मासमधून झाकणात चहा ओतून माझ्यापुढे सरकवला. सवयीनं आधी मी प्यायलो, मग ते. मग तिच्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे दाढच होती."

"हो."

"मला वाटलं, तू गेलास म्हणून खाणं सोडलं तिनं."

 त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. तेही घोडीकडेच बघत होते. मी म्हटलं, "दाढेचं दुखणं फार वाईट असतं, बाबा."

"असतं," ते म्हणाले. "इतके महिने काढायचे म्हणजे."

वहिनी, तुझी शपथ, ही दाढ इतके महिने दुखत नव्हती.

पत्र त्यांनी मला परत दिलं नाही. मी मागितलं, फाडून टाकतो म्हटलं. म्हणाले, "राहू दे. दोन्ही वेळा खोटं नव्हता बोललास." ते पुन्हा खिशात गेलं.

तिनं "टिकला का" विचारलं, ते चार दिवस उशाशी घेऊन झोपलो. पुन्हा भेटली तर सांग, आजचा दिवस धरून टिकलोय. त्याहून जास्त सांगू नकोस, तुझ्या बाजूचा मीठमसाला लावून तर मुळीच नको. मॅडमनी विचारलंय, पुढच्या वर्षी कॉलेजात परत नाव घालणार का. मी हो म्हटलेलं नाही. पण एप्रन फेकलेलाही नाही.

आता निघतो. मॅडमनी आजचीच सुट्टी दिलीय, आणि उद्या सकाळी एका गोठ्यातल्या सगळ्या गाईंचे नमुने यायचेत. मी आधीच विचारून ठेवलंय, गाईचं सीरम कसं दिसतं. हिरवा चारा भरपूर असला की तेही पिवळसर, म्हणाल्या. बघ, शिकलो ना.

बाबा तबेल्याच्या दारात खुर्ची टाकून झोपलेत. काल रात्री त्यांचा डोळा लागला नसावा. तोंड किंचित उघडं, हात लगामावर तसाच. बाईसाहेब त्यांच्या डोक्यावरून मान काढून बाहेर बघताहेत. पूर्वी गाडीत त्यांचा असा डोळा लागला की ती पाय हलकेच टाकायची, म्हणून आम्हीही बोलायचो नाही. मीही उठवत नाही. अंगावर घोंगडी घातलीय.

पातेलं धुऊन पालथं घातलंय. चुलीवरचा चहा झाकून ठेवलाय, उठले की घेतील. तुझं हे दार नेहमीसारखं खाली अडतंय, जरा उचलून ओढावं लागतं. उचलून ओढतो, आवाज न करता.

तुझा